इलेक्ट्रिक व्हायोलिन, खंजिरी, ढोलक अन् बेस गिटार एका मंचावर: व्हायोलिन पत्र्यासारखं का वाजतं?

झाडीचा_सूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातला सहा जणांचा फ्यूजन संच आहे: व्हायोलिन, खंजिरी, ढोलक, ऑक्टापॅड, की-बोर्ड, बेस गिटार. गायक नाही, फक्त वादन. हात सगळ्यांचे तयार आहेत. खंजिरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातली, ढोलक अन् ऑक्टापॅड झाडीपट्टीच्या नाटकातले, व्हायोलिन हिंदुस्थानी बैठकीचं. वाट महाविष्णू ऑर्केस्ट्रा किंवा शक्ती या जॉन मॅकलॉफ्लिनच्या फ्यूजन संचांची, पण चाली अन् ठेके इथले.

व्हायोलिन साधं लाकडी आहे. घोडीच्या फटीत बसणारा पिझो पिकअप (कंपनातून वीज करणारा तुकडा), त्याला सहा मीटरची वायर, अन् ती थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये लाइन इनपुटला. आवाज पत्रा वाजवल्यासारखा येतो. जी तार जवळपास गायब, ई तार कानात घुसते. बास वाढवला की ढोलकाची थाप व्हायोलिनच्या चॅनेलमधून ऐकू येते अन् लगेच शिट्टी सुरू. जनरेटरवर कार्यक्रम असला की त्यात घूंऽऽ असा आवाज मिसळतो.

दुसरं म्हणजे पट्टी. भजनी मंडळाच्या सवयीने संच काळी दोनला बांधलाय. व्हायोलिन प-सा-प-सा लावताना जी तार चढवावी लागते अन् ती तुटते. तिसरं, जलद भागात सगळेच तुटून पडतात अन् व्हायोलिन कुठे गेलं ते कळतच नाही.

पाच तारांचं सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक व्हायोलिन घेतलं तर हे सुटेल का? दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू होतात, त्याआधी ठरवायचं आहे.

पिझो_पुराण

नवीन वाद्य घेऊन यातलं काहीच सुटणार नाही, कारण बहुतेक सॉलिड बॉडी व्हायोलिनच्या घोडीतही पिझोच असतो. ज्यात आतच प्रीअॅम्प (मिक्सरआधी सिग्नल सावरणारं सर्किट) नाही असं वाद्य याच मिक्सरला लावलं तर तेही असंच पत्र्यासारखं वाजेल. दोष पिकअप अन् मिक्सरच्या जोडणीत आहे.

पिझो म्हणजे विजेच्या हिशेबाने एक बारीकसा कपॅसिटर. फटीत बसणाऱ्या तुकड्याची क्षमता साधारण १ नॅनोफॅरड धरा. ज्या इनपुटला तो जोडाल, त्या इनपुटच्या रोधासोबत मिळून खर्ज कापणारा फिल्टर आपोआप तयार होतो. कापणीची जागा काढायला १ ला (२ × ३.१४ × रोध × क्षमता) ने भागायचं. लाइन इनपुट १० किलोओहमचा असेल तर उत्तर येतं सुमारे १६,००० हर्ट्झ. आता व्हायोलिन पाहा: मोकळी जी तार १९६ हर्ट्झ, मोकळी ई तार ६५९ हर्ट्झ. अख्खं वाद्य कापणीच्या खाली पडलं. तिथून प्रत्येक सप्तक खाली उतरताना आवाज ६ डीबीने घटतो, म्हणजे मोकळी जी ही मोकळ्या ईपेक्षा १० डीबीने मागे राहते. उरतात ते बोच्या (गजाच्या) घासण्याचे वरचे खरखरीत स्वर. तुम्ही ज्याला पत्रा म्हणता तो हाच.

मिक्सरवर बास वाढवून ही भरपाई होत नाही. खालचा सिग्नल मुळातच क्षीण झालेला असतो, त्यामुळे तो वाढवताना ढोलकाची थाप, मंचाची थरथर अन् विजेचा घूं हे सगळं सोबत वर येतं.

हाच हिशेब १ मेगाओहमने करा: कापणी १५९ हर्ट्झवर येते, जी तारेचं नुकसान जेमतेम २ डीबी. चालून जातं. ५ मेगाओहमच्या आसपास गेलात तर कापणी ३२ हर्ट्झवर, म्हणजे प्रश्नच मिटला. पाचव्या तारेचा सी १३१ हर्ट्झ असतो, तोही सुखरूप राहतो.

तयार प्रीअॅम्प घ्यायचा तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात इनपुट १ मेगाओहम किंवा जास्त लिहिलंय का, एवढं पाहा. घरी बनवायचा तर टीएल ०७१ ही आयसी पुरते:

९ व्होल्टची बॅटरी. तिच्या दोन टोकांमध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक. मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट मिळतात; तिथून ऋण टोकाकडे ४७ मायक्रोफॅरड. त्याच मधल्या बिंदूपासून ४.७ मेगाओहम आयसीच्या ३ नंबर पायाला. पिकअपची वायर १० नॅनोफॅरडमधून त्याच ३ नंबर पायाला. २ अन् ६ नंबर पाय एकमेकांना जोडा. ६ वरून १० मायक्रोफॅरड (धन टोक आयसीकडे), पुढे १०० ओहम, मग आउटपुट जॅक. कपॅसिटरनंतर ऋण टोकाकडे १०० किलोओहम टाका, नाहीतर वायर लावताना ठप्प असा दणका बसतो. ७ नंबर धन, ४ नंबर ऋण, अन् आयसीच्या अगदी जवळ ७ ते ४ मध्ये १०० नॅनोफॅरड.

करंट २ मिलिअॅम्पिअरच्या आतबाहेर जातो. चांगली अल्कलाइन बॅटरी दोनशे तासांच्या वर चालते. इनपुटला स्टीरिओ जॅक वापरून बॅटरीचं ऋण टोक त्याच्या रिंगला द्या: मोनो पिन आत गेली की डबा सुरू, काढली की बंद. डबा धातूचाच हवा अन् सर्किटचं ऋण (जॅकचा स्लीव्ह; बॅटरीचं टोक थेट नव्हे) डब्याला जोडलेलं हवं. प्लास्टिकच्या डब्यात ४.७ मेगाओहमचं इनपुट म्हणजे घूं पकडायचा अँटेनाच.

पिकअप ते डबा ही वायर जितकी आखूड तितकी बरी. कमरेला डबा लावला तर एक मीटर पुरते. एक गैरसमज मात्र नको. गिटारच्या चुंबकी पिकअपला लांब वायर लावली की वरचे स्वर जातात. पिझोचं तसं नाही, त्याची नुसती पातळी पडते. मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले तर तुमच्या सहा मीटरला सुमारे ४ डीबी जातात, स्वरांचा रंग तोच राहतो. त्यामुळे वायरीला दोष देऊन महागडी वायर आणू नका.

साउंडवाला_यवतमाळ

एवढं सोल्डरिंग कायले करता भाऊ? साउंडवाल्यापाशी डीआय बॉक्स (वाद्य अन् मिक्सरच्या मधात लावाचा जोडडबा) राहतेच. साधा पॅसिव्ह, विनाबॅटरीचा. व्हायोलिनची वायर त्याच्यात लावा, तिकून एक्सएलआर काढून मिक्सरच्या माइक इनपुटले द्या. घूं बी जाते अन् वायर पन्नास मीटर नेली तरी काई फरक नाई पडत. बेस गिटारले आपण हेच लावतो.

अन् मिक्सरवर व्हायोलिनच्या चॅनेलचा लो-कट १५० ते १८० वर ठेवजा. जी तारेच्या खाली व्हायोलिनले काईच नाई, जे येते थे ढोलक अन् पायाचं धप्प. मंग ३ किलोहर्ट्झच्या जवळपास ४ डीबी कमी करा. पिझोचा किरकिरेपणा तिथंच राहते. वरचं १० किलोच्या पुढचं उगाच वाढवू नका, बाप्पा, तिकडं खंजिरीच्या झांजा हायेत.

पिझो_पुराण

ईक्यूचं (मिक्सरवर स्वरांचे पट्टे कमीजास्त करण्याचं) सगळं बरोबर. डीआयचं मात्र अर्धंच. पॅसिव्ह डीआयच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो अन् त्याचं इनपुट साधारण १४० किलोओहम. वरच्याच हिशेबात टाका: कापणी १,१०० हर्ट्झच्या पुढे येते. लाइन इनपुटपेक्षा कितीतरी बरं, तरी मोकळ्या चारही तारांचे मूळ स्वर कापणीच्या खालीच. बेस गिटारचा चुंबकी पिकअप वेगळा प्राणी आहे, त्याला १४० किलो बऱ्यापैकी चालतं. पिझोला नाही.

पण तो बॉक्स फेकू नका. त्याची जागा बफरच्या, म्हणजे वर सांगितलेल्या टीएल ०७१ च्या डब्याच्या, पुढे आहे. व्हायोलिन, बफर, मग पॅसिव्ह डीआय, मग मिक्सर. बफरच्या १०० ओहमला १४० किलो म्हणजे काहीच ओझं नाही, अन् ट्रान्सफॉर्मरमुळे मंच अन् मिक्सर यांचा विजेचा संबंध तुटतो. जनरेटरच्या घूंवर अर्धा इलाज तिथेच होतो. अॅक्टिव्ह डीआय घेतला तर दोन्ही कामं एका डब्यात होतात, फक्त त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या वायरीतूनच येणारी वीज) लागतं. गावातल्या जुन्या मिक्सर-अॅम्प्लिफायरमध्ये ते बरेचदा नसतं. असलं तरी एक्सएलआर वायर घरी जोडलेली असून तिची ३ नंबर पिन शील्डला बांधलेली असते, मग फँटम नीट पोचत नाही. बॅटरीवरही चालणारा डीआय बघा.

आणखी एक गोम: गिटारचं पेडल मध्ये टाकलं की बफर मिळाला असं समजतात. ट्रू बायपासचं पेडल बंद असताना आत नुसती वायर असते. पेडल दाबलं की आवाज भरदार, सोडलं की पत्रा. असं होत असेल तर कारण हेच.

काळी_पांढरी

व्हायोलिनच्या बाजूने सांगतो.

पट्टी आधी घेऊ. तार एक स्वर, म्हणजे पेटीची एक पट्टी, चढवली की ताण सुमारे १२ टक्के वाढतो. काळी दोनला प-सा-प-सा लावायचं तर जी तारेला तीन पट्ट्या चढून मंद्र पंचमावर जावं लागतं. तिथे ताण ४१ टक्के वाढलेला असतो. तार तुटली नाही तर घोडी वाकते, नाहीतर पोटावर भार येतो. उलट सगळंच खाली उतरवून सा-प-सा-प केलं तर वरच्या दोन तारा सहा पट्ट्या उतरतात, ताण निम्मा होतो, अन् ढिली तार पिझोवर नुसती फडफडते. त्याला जाड तारांचा वेगळा सेट लागतो.

पण मुळात गायक नाही, मग काळी दोनचा हट्ट कशाला? संचच पांढरी दोनला आणा. की-बोर्डचं ट्रान्स्पोज बटण एक घर खाली. वादकाची बोटं जिथल्या तिथे. बेस गिटारला तर वरदान: मोकळी डी म्हणजे सा, मोकळी ए म्हणजे प, मोकळी जी म्हणजे म. व्हायोलिनच्या जी-डी-ए-ई तारा आहेत तशा म-सा-प-रे होतात, एकही खुंटी पिळायची गरज नाही. वर सा हवाच असेल तर फक्त ई तार दोन पट्ट्या उतरवा. ढोलकाला एका पट्टीचा फरक नट-बोल्टवर निघतो. खंजिरीला सा लावावाच लागत नाही. चामड्याची असेल तर ओल्या फडक्याने उतरते, शेकली की चढते. (जुनी घोरपडीच्या कातड्याची असेल तर मंचावर मिरवू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. फायबरच्या पडद्याची घ्या, ती पावसाळी हवेत उतरतही नाही.)

उद्या कोणी काळी दोनचा गायक आलाच, तर म-सा-प-सा लावा: खालच्या तिन्ही तारा एकेक पट्टी वर, ई एक पट्टी खाली. तेवढं सिंथेटिक तारा सहन करतात.

आता पिकअप. घोडीच्या फटीत तो हाताने सरकून बसला पाहिजे अन् बसल्यावर हलता कामा नये. सैल असेल तर खालच्या तारा बारीक येतात अन् एखाद्या स्वरावर झणझण होते. फट अन् पिकअप यांच्यात लाकडाची पातळ चकती सरकवा. कागदाची घडी नको, ती कंप खाते. घट्ट असेल तर ठोकू नका, घोडीचा पंख तडकतो. फट बारीक सँडपेपरने मोठी करा, तीही वाद्य वाजवून पाहत, थोडी थोडी. जॅकचा शिकंजा बरगडीला लावताना कॉर्क असू द्या अन् बोटाच्या जोरापुरताच आवळा.

तारा लावून झाल्या की घोडी दर वेळी बाजूने पाहा. खुंट्या पिळताना तिचं डोकं पटरीकडे ओढलं जातं. शेपटीकडची तिची पाठ वाद्याच्या पोटाशी काटकोनात हवी. तारा बदलताना एकेकच बदला. सगळ्या एकदम सोडल्या की आतला साउंडपोस्ट पडतो, अन् तो बसवणारा कारागीर गावोगाव मिळत नाही.

शिट्टीचं कारण लाकडी पेटी. व्हायोलिनच्या पोटातली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झला घुमते. बास वाढवला की तिथेच पहिली शिट्टी फुटते. ईक्यूवर तेवढीच जागा अरुंद करून ६ डीबी खाली घ्या. त्याने भागलं नाही तर दोन्ही एफ छिद्रांत मऊ फोमचे तुकडे कापून बसवा. चिकटपट्टी लावू नका, उन्हाळ्यात वार्निशवर तिचा चिकटा राहतो. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) पायाशी ठेवा, पाठीमागे नको.

सॉलिड बॉडीचा खरा फायदा एवढाच की शिट्टी जवळपास संपते. तोटाही ऐका. त्याला स्वतःचा आवाज नसतो, त्यामुळे मॉनिटर नीट नसेल तर वादकाला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही अन् मींड बेसूर जाते. आधी बफर लावा. शिट्टी तरीही छळत असेल तरच त्या खर्चात पडा.

हवामान: चंद्रपूर-नागपूरचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत ठेवलेल्या लाकडी व्हायोलिनचा सरस मऊ होतो अन् सांधे उघडतात. कोरड्या उन्हात बोचे केस आखडतात, म्हणून ताणलेला बो तसाच पेटीत टाकला तर दांडी वाकते. श्रावणात उलटं, केस लांबतात अन् स्क्रू फिरवत राहावं लागतं. राळ उन्हाळ्यात फिकट, टणक घ्या. गडद राळ मऊ असते, ती थंडीच्या रात्रींसाठी. मंडईच्या पहाटे गारठा पडला की तारा चढतात, दोन तासांत पुन्हा ट्यूनर लावावा लागतो हे धरूनच चाला. राळेची पूड घोडीवर अन् पिकअपवर साचू देऊ नका, कोरड्या ब्रशने झटका.

झाडीचा_सूर

पांढरी दोनचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

घूंबद्दल थोडं आणखी. तारांना हात लावला तरी कमी होत नाही. बेस गिटारवाल्याचा माइकला ओठ लागला की चिमटा बसतो. रात्री दिवे मंद केले की घूंच्या जागी चर्रर्र येतं. पेडलं तीन आहेत, एकाच अॅडॅप्टरवरून साखळीने जोडलेली.

साउंडवाला_यवतमाळ

चिमटा बसते म्हणता, तं आवाजाचं राहू द्या, आधी अर्थिंग पाहा. हे जिवाचं काम हाय. बेस गिटारच्या तारा आतून अर्थले जोडल्या राहतात. गिटारचा अॅम्प एका पॉइंटवर, मिक्सर दुसऱ्या पॉइंटवर, अन् अर्थ कुठंच नाई, मंग वादकच मधातली वायर होऊन जाते.

मल्टीमीटर घ्या. बोर्डावर फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ पाहिजे. फेज-अर्थ बी तेवढाच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टाच्या आत. लहान्या जनरेटरवर बरेचदा फेज-अर्थ अन् न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडं शंभराच्या आसपास दाखवते. म्हणजे त्याचा न्यूट्रल अर्थले जोडलाच नाई, अधांतरी लटकला हाय. थे जोडणं वायरमनचं काम, सोता करू नका. अर्थचा रॉड दीड-दोन मीटर जमिनीत ठोका लागते. काया मातीले उन्हाळ्यात भेगा पडतात, रॉड मातीतून मोकळा होते. मिठाचं पाणी ओता अन् कार्यक्रमाच्या आधी पुन्हा मीटर लावून पाहा. बोर्डावर ३० मिलिअॅम्पची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या. अन् घूं जाते म्हणून कोणी अॅम्पच्या प्लगची अर्थ पिन तोडून ठेवली असेल तं थो प्लग आधी बदला. अर्थ तोडाची असेल तं डीआय बॉक्सवर ग्राउंड-लिफ्टचं बटण राहते, थे दाबा. त्याच्यानं फक्त सिग्नलचा अर्थ तुटते, जिवाचा नाई.

आता आवाज. घूं जाड, एका सुराचा असेल तं थो ५० हर्ट्झचा: अर्थचा फेरा. मंचावरच्या साऱ्या वाद्यांचा अन् मिक्सरचा करंट एकाच बोर्डावरून घ्या, अर्धा घूं तिथंच जाते. चर्रर्र म्हणजे दिव्याचा डिमर, नाई तं एलईडी पारचा सप्लाय. लाइटची वायर अन् व्हायोलिनची वायर शेजारी शेजारी नेऊ नका. एकमेकीले ओलांडाची असेल तं काटकोनात ओलांडा. तीन फेज असतील तं लाइट एका फेजवर, साउंड दुसऱ्या.

पेडलच्या साखळीत एखादं डिजिटल पेडल असेल तं बारीक चिंईंऽ येते. त्याले वेगळा अॅडॅप्टर द्या. मिलिअॅम्पची बेरीज करून पाहा, अॅडॅप्टर त्याच्यापेक्षा मोठा पाहिजे. अन् अॅडॅप्टरवर १००-२४० लिहिलं असेल तं शेतातल्या मोटारी चालू असताना व्होल्टेज १८० वर आलं तरी त्याले काई होत नाई. जुना, जड, गरम होणारा अॅडॅप्टर मात्र तवाच घूं करते. रिलेवाला स्टॅबिलायझर साउंडले लावू नका, दर वेळी टक् झालं की स्पीकरमधून ठप्प निंगते.

हे सारं करून बी घूं राहिला, तं एकेक वायर काढून पाहा. व्हायोलिनची पिन बफरातून काढली अन् घूं गेला तं दोष पिकअपच्या शील्डमध्ये. नाई गेला तं पुढं पाहा.

समेवर_या

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितोय. व्हायोलिन दिसेनासं होतं ते नेहमी आवाज कमी पडतो म्हणूनच होतं असं नाही.

ज्यांची वाट धरलीत त्या दोघांत फरक आहे तो लक्षात घ्या. शक्तीच्या पहिल्या संचात जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला अन् विक्कू विनायकराम यांचा घटम होता. बेस नाही, ड्रम नाहीत. तिथे साधं व्हायोलिन बसतं, कारण जागा मोकळी आहे. महाविष्णू ऑर्केस्ट्रा १९७१ चा: गिटार, व्हायोलिन, की-बोर्ड, बेस, ड्रम्स, सगळं विजेवर अन् कर्कश आवाजात. जेरी गुडमनचं व्हायोलिन त्यात टिकतं ते दोन युक्त्यांनी. अवघड ओळ गिटार अन् व्हायोलिन एका सुरात वाजवतात, अन् सोलो आळीपाळीने घेतात, दोघं एकदम बोलत नाहीत. तुमच्याकडे बेस अन् ऑक्टापॅड असल्याने तुम्ही दुसऱ्या घरातले. वाजवायचं त्यांच्यासारखं अन् संयम बैठकीचा, हे जमवावं लागेल.

की-बोर्डवाल्याला सांगा: व्हायोलिन चालू असताना फक्त सा-प धरायचा, गंधार दाबायचा नाही. व्हायोलिनवर कान शुद्ध गंधार लावतो तो की-बोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) खाली असतो. कोमल गंधार १६ सेंट वर. दोन्ही एकदम वाजले की स्वर चिरल्यासारखा वाटतो अन् लोक म्हणतात व्हायोलिन बेसूर आहे. उजवा हात मधल्या सप्तकातून काढून वर न्या किंवा सरळ मांडीवर ठेवा.

ढोलक अन् ऑक्टापॅड एकच काम करतायत. केरवा ढोलकाकडेच राहू द्या. ऑक्टापॅडला फक्त समेचा खालचा ठोका अन् आवर्तनाच्या शेवटची झांज. स्नेअरचा पॅड जलद भागात बंदच. खंजिरीला डायनॅमिक माइक, पडद्यापासून वीतभर, झांजांच्या रेषेतून जरा बाजूला. वर कोणीतरी व्हायोलिनचे ३ किलोहर्ट्झ कापायला सांगितलेत ते कापाच. तसंच खंजिरीच्या चॅनेलला ३०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. मग दोघं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत.

सवाल-जवाबाचा साचा ठरवून घ्या. व्हायोलिन अन् खंजिरी: आधी चार-चार आवर्तनं, मग दोन-दोन, मग एकेक, मग अर्धं-अर्धं, अन् तिथून तिहाई. बाकीच्यांनी तोवर टाळी सोडून काही करायचं नाही. बेसने फक्त समेवर सा द्यायचा. तिहाई मोजून बांधा. समेपासून सुरू करून समेवर संपवायची तर तीन वेळा बोल अन् दोन वेळा विराम मिळून आवर्तनाच्या मात्रांपेक्षा एक जास्त आली पाहिजे. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे १६, बेरीज हवी १७: पाच मात्रांचा बोल, एक मात्रा विराम. झपतालाच्या १० ला ११: तीनचा बोल, एकचा विराम. रूपकाची दोन आवर्तनं १४, बेरीज १५: तीनचा बोल अन् तीनचा विराम, किंवा पाचचा बोल विनाविराम. बेस गिटारवाला पाश्चात्त्य पद्धतीचा असेल तर त्याला झपताल २-३-२-३ असा लिहून द्या, 'दहा' म्हणून सांगू नका. तो पाच-पाच करून टाकतो.

महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर' या अल्बमचं शीर्षक-वादन १८ मात्रांच्या चक्रात आहे. पण त्या मोहात लगेच पडू नका. मंडईतला श्रोता टाळीवर बसतो. केरव्यावर घट्ट उभे राहा अन् मध्ये एकच तुकडा रूपकात न्या, तो उठून दिसतो.

पिझो_पुराण

पेडलांचा क्रम राहिला होता. बफर सगळ्यात आधी, मग ईक्यू, कॉम्प्रेसर (३:१ पुरे, जास्त दाबलं की बोच्या खरखरीलाच फुगवतो), मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले (प्रतिध्वनी), शेवटी रिव्हर्ब (घुमारा). ओव्हरड्राइव्हच्या आधी वरचं ५ किलोहर्ट्झपासून कापा, नाहीतर विकृती स्वरांची न येता राळेची येते. ओव्हरड्राइव्हवर एका वेळी एकच तार, फार तर सा-प जोडी. सा-ग वाजवलं की आत तिसरेच स्वर तयार होऊन चिखल होतो.

डिलेचा काळ लयीवरून काढा: ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा. १२० च्या लयीला एक मात्रा ५०० मिलिसेकंद. पाऊण मात्रेचा ३७५ लावला तर प्रतिध्वनी केरव्याच्या मधल्या जागांत पडतो. संचाची लय वाढत जाते, अन् खंजिरी असली की वाढतेच, त्यामुळे पायाने ताल देऊन काळ बदलता येणारं, टॅप टेम्पोवालं पेडल घ्या. ते नसेल तर जलद भागात डिले बंद ठेवा.

काळी_पांढरी

अन् मंचावरची रिव्हर्ब मिक्सरवाल्याला दुसऱ्यांदा लावू देऊ नका. मैदानात समोरच्या शाळेच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी वेगळाच असतो. ३४ मीटरवर भिंत असेल तर आवाज २०० मिलिसेकंदांनी परत येतो. साउंड चेकला एकदा टाळी वाजवून ऐका, मग ठरवा.